उन्हाकडचा पाखा

ड्रायव्हरचा पंप सकाळी आधी सुरू व्हायचा आणि मिस्त्रीचा दिवस तिथेच नासायचा.

शेड एकच होतं. दुपाखी, पत्र्याचं, लांबलचक. सासऱ्यांनी ते रोपांसाठी बांधलं आणि हातपाय थकल्यावर दोन मुलींत वाटून दिलं. बरोबर आढ्याखाली पत्र्याची आडभिंत उभी राहिली. अलीकडे थोरली आणि तिचा नवरा मिस्त्री, पलीकडे धाकटी आणि तिचा नवरा ड्रायव्हर. दोन्हीकडे तेच काळे ट्रे, तीच मिरचीची नि टोमॅटोची रोपं, तीच ओल्या मातीची वाफ. आडभिंत इतकी पातळ की पलीकडे ताट जरा जोरात ठेवलं तर अलीकडे कळायचं, आज कोण कुणावर रागावलंय.

वाटणीच्या वेळी सासरे म्हणाले होते, "थोरल्या जावयाने आधी निवडावं."

मिस्त्रीने उत्तरेचा पाखा निवडला. रस्ता त्या बाजूला, दार त्या बाजूला आणि उन्हाळ्यात गारवाही त्याच बाजूला. दक्षिणेचा पाखा दिवसभर तव्यासारखा तापायचा. तो ड्रायव्हरच्या गळ्यात पडला तेव्हा मिस्त्री मिशीत हसला होता. घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "तुझ्या बहिणीची रोपं भाजून निघणार बघ."

तेव्हा सोलर नव्हतं. ऊन म्हणजे नुसता ताप होता, त्याला भाव नव्हता.

यंदा थंडी पडायला लागली आणि रस्त्यावरची डीपी जळाली. आज येतो, उद्या येतो, असं म्हणत वीजवाले आलेच नाहीत. विहीर सामाईक होती, पंप मात्र दोन, आणि दोन्ही पंप आता, वाटणीनंतर दोघांनी छपरावर बसवलेल्या सोलरच्या प्लेटांच्याच भरवशावर आले. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दोघांचं सारखंच चालायचं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून, खालून खालून जायला लागला, तशा मिस्त्रीच्या उत्तरेला उतरणाऱ्या प्लेटांनी जणू त्याच्याकडे पाठच फिरवली. पंप घरघरायचा, पाइपात पाणी चढायचं, अर्ध्यावर थांबायचं आणि गुळगुळ करत परत विहिरीत जायचं. फवारे सुरू होईपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असायचं आणि जरा दुपार कलली की पुन्हा बंद.

ड्रायव्हरकडे मात्र सकाळीच फवाऱ्यांचा फुसफुस आवाज सुरू व्हायचा. मिस्त्री तोंड धूत असायचा तेव्हाच. त्याला वाटायचं, हा मुद्दाम माझ्या चुळा भरायच्या वेळेला चालू करतो.

मुद्दाम काही नव्हतं. ड्रायव्हरने प्लेटांखाली स्टँड केला होता. खालच्या कडेला बिजागऱ्या, वरच्या कडेला पाय. पायाला ओळीने भोकं आणि भोकात घालायला लोखंडी खिट्टी. सूर्य खाली गेला की प्लेटा उचलायच्या, वरच्या भोकात खिट्टी घालायची. उन्हाळा आला की परत खाली. एवढंच. पण तेवढ्यासाठी येणारे-जाणारे रस्ता सोडून शेडला वळसा घालून पलीकडे जायचे, माना वर करून बघायचे.

मिस्त्रीला हे सोसवत नव्हतं. गावात मिस्त्री कोण? कुणाचा कोयंडा तुटला, कुणाची चारचाकी हातगाडी अडली, कुणाच्या झोपाळ्याची कडी झिजली, की आजवर सगळे त्याच्याकडे यायचे. आणि ड्रायव्हर? तो टेम्पो चालवायचा. त्याने पाना उलटा धरलेला मिस्त्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि ही गोष्ट तो अजून चहाच्या टपरीवर सांगायचा. हल्ली कुणी हसत नव्हतं.

एकदा आडभिंतीपलीकडे कुणीतरी विचारलं, "ड्रायव्हर, हे शिकलास कुठे?"

ड्रायव्हर हसला. "कुठे शिकतोय? घरातच पाहिलं."

मिस्त्री अलीकडे ट्रे उचलत होता. त्याच्या हातातला ट्रे वाकडा झाला.

"ऐकलंस?" तो बायकोला हळूच म्हणाला. "घरातच पाहिलं म्हणे. याच्या घरात काय कारखाना होता?"

"हळू बोला, ऐकू जाईल."

"जाऊ दे की. मी घाबरतो काय?"

पण आवाज त्याने आणखी खाली आणला.

थोरली रोपांवरून हात फिरवत होती. मिरचीची पानं दुपारनंतर कडेने वळायला लागली होती. हा माल मळेवाल्याचा होता. मळेवाला म्हणजे नदीकडच्या सगळ्यात मोठ्या मळ्याचा मालक. त्याने यंदा पहिल्यांदाच मिस्त्रीकडे रोपं सांगितली होती आणि जाता जाता म्हणाला होता, "रोप ताठ निघालं तर पुढचं सगळं तुमच्याकडूनच. नाही तर पलीकडचं दार काही लांब नाही."

ते शेवटचं वाक्य मिस्त्री अजून विसरला नव्हता.

"मी काय म्हणते," थोरली म्हणाली, "विचारा ना त्यांना. साडूच आहेत तुमचे. दाखवतील कसं केलं ते."

"मी? मी विचारू? ड्रायव्हरला?"

"त्यात काय झालं?"

"उद्या म्हणशील, टेम्पोला पाणी कसं घालायचं ते मळेवाल्याला विचारा."

"टेम्पो आपल्याकडे नाहीच," थोरली म्हणाली आणि झारी उचलून निघून गेली.

*

ड्रायव्हर रोपं घेऊन बाजाराला गेला, त्या दिवशी मिस्त्री छपरावर चढला. आपल्याच बाजूने चढला, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल की पत्र्याचा खिळा ठोकायला आलो. खिशात सुतळी होती.

ही सुतळी त्याची खास पद्धत होती. टेप त्याच्याकडे होता, पण आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. आकडा घरी येईपर्यंत बदलतो, असं तो म्हणायचा. तो माप घ्यायचा ते सुतळीने, आणि जिथे कापायचं, जिथे भोक पाडायचं, तिथे गाठ मारायचा. दार असो, खाट असो, बैलगाडीचं जू असो, त्याची सगळी कामं गाठींवर झाली होती आणि एकही वाकडं गेलं नव्हतं.

आढं ओलांडून तो पलीकडच्या पाख्यावर उतरला. पत्रा चांगलाच तापला होता. थंडीतसुद्धा इकडे ऊन कसं अंगाला बिलगतं, हे त्याच्या तळहातांना कळलं. हे ऊन आपलं झालं असतं. आपण हसत हसत देऊन टाकलं.

स्टँड त्याने जवळून पाहिला. काम ओबडधोबड होतं. कडा घासलेल्या नव्हत्या, बोल्ट लांबडे होते, एका ठिकाणी भोक चुकून पुन्हा पाडलेलं होतं. त्याला बरं वाटलं. आणि तरीही सगळं चालत होतं, याचा रागही आला. त्याने सुतळी पायाच्या बुडाशी धरली, वरपर्यंत ताणली आणि एकेका भोकाशी गाठ मारत गेला.

तेवढ्यात खाली धाकटीचा आवाज आला. "वर कोण आहे?"

मिस्त्री पत्र्यावर पालथा पडला. गाल पत्र्याला चिकटला, भाजला. श्वास घ्यावा तर पत्रा कुरकुरायचा. पन्नाशीला आलेला माणूस, गावाचा मिस्त्री, मेहुणीच्या छपरावर पालीसारखा पडून होता. त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली की खाली उडी मारावी.

"मांजर असेल," धाकटी स्वतःशीच, पण जरा मोठ्याने म्हणाली. "मोठं दिसतंय."

तिच्या पावलांचा आवाज आत गेला. मिस्त्रीने उरलेल्या गाठी मारल्या आणि गुडघ्यांवर रांगत आढं ओलांडलं. जेवताना बायकोने विचारलं, गालाला काय झालं, तर म्हणाला, "उष्णता."

*

मग काम सुरू झालं. वीज नाही म्हणजे वेल्डिंग नाही, कटर नाही. सगळं हाताने करायचं. अंगणात लोखंडी अँगल ठेवून तो करवतीने कापायचा आणि हातड्रिल छातीला लावून भोकं पाडायचा. ड्रिलचा दांडा फिरवून फिरवून त्याच्या दंडात गोळे यायचे. लोखंडाचा बारीक चुरा घामात मिसळून मनगटावर काळा थर बसायचा. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर फडकं बांधून त्याने पुन्हा दांडा धरला. एक भोक आरपार गेलं की तो मान वर करून आडभिंतीकडे बघायचा, जणू पलीकडून कुणी मोजत होतं.

काम मात्र देखणं होत होतं. प्रत्येक कड त्याने कानशीने घासली. बोल्ट मापाचे घातले. ड्रायव्हरने बिजागऱ्या खालच्या कडेला, वळचणीकडे लावल्या होत्या. आपला पाखा उलटा उतरतो, म्हणून त्याने त्या वरच्या कडेला, आढ्याकडे लावायचं ठरवलं. म्हणजे वळचणीकडची कड उचलली की प्लेट दक्षिणेकडे बघेल. एवढं त्याच्या लक्षात आलं आणि तो स्वतःवर खूश झाला. नुसती नक्कल नाही, डोकं लावलंय. चहाच्या टपरीवर सांगूनही आला, "परवा या सगळे. स्टँड कशाला म्हणतात ते दाखवतो."

इतक्या दिवसांत एका गोष्टीकडे त्याचं लक्ष नव्हतं. पंप रडतखडत चालत होता, फवारे धड सुटत नव्हते, आणि तरी मळेवाल्याची रोपं सुकत नव्हती. उलट पानं पुन्हा ताठ झाली होती. तो म्हणायचा, "बघ, थंडीत रोपाला पाणी कमीच लागतं."

थोरली "हं" म्हणायची.

मग एका दुपारी शेवटचं भोक पाडून झालं तोच ड्रिलचं पातं मोडलं, म्हणून तो वेळेआधी शेडात शिरला. आडभिंतीतलं पत्र्याचं शेवटचं पान सरकवलेलं होतं. ते सासऱ्यांनी मुलींच्या जाण्यायेण्यासाठी सैल ठेवलं होतं. तिथून त्याच्या ट्रेंपर्यंत मातीवर पाण्याच्या थेंबांची रेघ होती. थोरली भरलेली कळशी काखेत घेऊन उभी होती. पलीकडे धाकटी दुसरी कळशी भरत होती.

"हे कधीपासून चाललंय?" मिस्त्रीने विचारलं.

धाकटीने कळशी खाली ठेवली. "दाजी, पाणी विहिरीचंच आहे. सामाईक विहिरीचं."

"उपसलंय कुणाच्या पंपाने?"

"पंपाने," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्रीचे कान तापले. इतके दिवस आपण रोपांकडे बघून मान ताठ करत होतो, आणि ती उभी होती ड्रायव्हरच्या पाण्यावर. ड्रायव्हरला हे माहीत असणार. रोज सकाळी तो "काय साडूभाऊ" म्हणत रस्त्याने जातो, तेव्हा मनात हसत असणार.

"ओत ते," तो बायकोला म्हणाला.

"ओततेच आहे."

"बाहेर ओत."

थोरलीने कळशी उचलली, सरळ ट्रेजवळ गेली आणि हळूहळू, एका एका ओळीवर पाणी सोडलं. कळशी रिकामी करूनच त्याच्याकडे वळली. तिच्या कमरेची एक बाजू ओली झाली होती आणि खांदा खाली झुकला होता. रोजच्या वाहण्याने तो झुकला होता, हे त्याने आत्ता पाहिलं.

"रोपांना साडूबिडू कळत नाही," ती म्हणाली. "त्यांना तहान लागते. तुम्हाला कुणाचा राग येतो ते मला अजून नीट समजलेलं नाही. उन्हाचा येतो, ड्रायव्हरचा येतो, की माझ्या बापाचा येतो?"

बापाचं नाव मिस्त्रीला लागलं. कारण तेही खरं होतं.

गेल्या थंडीत सासरे अंथरुणाला खिळले होते. आडवं झालं की दम लागायचा, बसून झोप येत नव्हती. मिस्त्रीने त्यांच्यासाठी लोखंडी खाट केली. डोक्याकडची बाजू उचलता येईल अशी. किती काम केलं होतं त्या खाटेवर! पण पलीकडे ऊन यायचं, म्हातारा म्हणाला मला उन्हात ठेवा, म्हणून खाटेसकट तो धाकटीकडे गेला तो तिथेच राहिला. ड्रायव्हर त्याच्या उशाशी असायचा. डोकं उचल, डोकं खाली कर, चोवीस तास तेच. भेटायला येणाऱ्यांना म्हातारा सांगायचा, "जावयाने मला पुन्हा बसतं केलं," आणि लोक उशाशी उभ्या असलेल्या जावयाकडे बघायचे. मिस्त्री दाराशी चपला काढत असायचा. म्हातारा गेल्यावर खाटही तिकडेच राहिली. मिस्त्रीने मागितली नाही आणि पुन्हा तिच्याकडे बघितलंही नाही.

"उद्या स्टँड चढतोय," तो म्हणाला. "मग एक थेंब आणायचा नाही तिकडून."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवरचे दोन-तीन लोक आले आणि नेमका मळेवालाही रोपं बघायला आला. मिस्त्रीला वाटलं, बरं झालं. त्याने मळेवाल्यासाठी खुर्ची अंगणात आणवली.

ड्रायव्हर रस्त्याने येताना दिसला. "काय साडूभाऊ, हात लावू का?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "तू बघ."

थोरलीने खालून एकेक अँगल वर दिला. मिस्त्रीने बिजागऱ्या आढ्याकडे बसवल्या, प्लेटा कसल्या, पाय लावले. कुठेही घासावं लागलं नाही. गाठी जिथे होत्या तिथेच भोकं होती आणि भोकं जिथे हवी तिथेच होती. खाली कुणीतरी म्हणालं, "काम सुबक आहे हं," आणि मिस्त्रीच्या फोड आलेल्या हातांना एकदम बरं वाटलं.

"आता बघा," तो म्हणाला. खांदा लावून त्याने वळचणीकडची कड उचलली, अगदी शेवटच्या भोकापर्यंत नेली आणि खिट्टी घातली. मग दोन पावलं मागे सरकला.

प्लेटा आडव्या होत्या.

जेवणाच्या पाटासारख्या आडव्या. दक्षिणेकडे अगदी किंचित कललेल्या, तेही कुणी सांगितलं तर दिसेल इतक्या. सूर्य तिकडे खाली होता आणि प्लेटा सरळ वर, रिकाम्या आभाळाकडे बघत होत्या.

मिस्त्रीला क्षणभर काही कळेना. माप तेच, भोकं तीच, खिट्टी सगळ्यात वरच्या भोकात. त्याने आढ्यापलीकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या प्लेटा तेवढ्याच पायांवर सूर्याला तोंड देऊन ऐटीत उभ्या होत्या. आणि मग त्याला उमजलं. ड्रायव्हरचा पाखा आधीच उन्हाकडे उतरत होता, त्याला वर जरासं उचललं की भागलं. मिस्त्रीचा पाखा उलटा. त्याची सगळी उचल तो उलटा उतार भरून काढण्यातच खर्ची पडली. बिजागरी कुठल्या बाजूला लावायची हे कळलं, आणि पाय किती लांब हवा हे डोक्यात आलंच नाही. सुतळीला लांबी कळते, उतार कळत नाही. आणि त्याला ड्रायव्हरशी बरोबरी करायची इतकी घाई झालेली होती की स्वतःच्या पायाखालचा पत्रा कुठे कललाय ते त्याने पाहिलं नाही.

"सुरू करू का?" खालून थोरलीने विचारलं.

उत्तराची वाट न बघता तिने बटण दाबलं. पंप घरघरला. पाइपात पाणी चढलं. सगळे ऐकत होते. फवाऱ्यांतून दोन-चार थेंब गळले आणि मग गुळगुळ करत पाणी परत गेलं. आडभिंतीपलीकडे फुसफुस सुरू होतीच, ती आता फारच मोठी ऐकू आली.

टपरीवरून आलेल्यांपैकी एकाने खाकरून घेतलं. मळेवाला खुर्चीवरून उठला, आत जाऊन रोपं बघून आला.

"रोपं चांगली आहेत, मिस्त्री," तो म्हणाला. "पण ही अजून आठवडाभर तग धरतील ना? का मी पलीकडे बोलून ठेवू? माझा मळा मोकळा राहून चालणार नाही."

मिस्त्री छपरावर उभा होता. पाय लांब करायला अँगल उरला नव्हता. सगळा त्याने मापात कापून टाकला होता, घासून, चकचकीत करून. नवा आणायचा म्हणजे जिल्ह्याला जायचं, पुन्हा ड्रिल, पुन्हा भोकं, तोवर मिरची कुठली थांबतेय? त्याने बायकोकडे पाहिलं. ती वर बघत नव्हती. ड्रायव्हर मघाशी उभा होता तिकडे ती बघत होती.

ड्रायव्हर तिथे नव्हताच. तो केव्हाच पलीकडे गेला होता. मिस्त्रीच्या मनात आलं, गेला हसायला.

मग आडभिंतीचं सैल पान पूर्ण सरकलं आणि ड्रायव्हर आणि धाकटी दोघं मिळून काहीतरी जड ओढत अंगणात आले. वर गोणपाट होतं, त्यावरची माती अजून ओली होती. ट्रे नुकतेच उतरवलेले दिसत होते. ड्रायव्हरने गोणपाट काढलं. सासऱ्यांची खाट होती.

"हिचे दांडे लांब आहेत," ड्रायव्हर मळेवाल्याला म्हणाला, "चढवले की काम झालं. रोपं तग धरतील, तुम्ही निर्धास्त जा." मग वर बघून म्हणाला, "साडूभाऊ, खाली येता का? ही सुटी कशी करायची ते मला जमत नाही. तुम्ही केलेलं आहे."

मिस्त्री शिडीवरून उतरला. एका पायरीवर त्याचा पाय चुकला, पण कुणी हसलं नाही.

खाटेची डोक्याकडची बाजू ड्रायव्हरने उचलून धरली होती. खाली लांब दांडे होते, त्यांना ओळीने भोकं आणि भोकात साखळीला लटकवलेली खिट्टी. प्रत्येक भोकाची कड कानशीने घासलेली होती. म्हाताऱ्याच्या अंगाला चुकूनही लागू नये, म्हणून मिस्त्रीने ती एका रात्रीत घासली होती. एका भोकाजवळ लोखंड झिजून पांढरं झालं होतं. तिथे खिट्टी सगळ्यात जास्त वेळा गेली असणार.

"दादांना याच भोकात झोप लागायची," ड्रायव्हर म्हणाला. तोही सासऱ्यांना दादाच म्हणायचा. "चार महिने हेच वर-खाली केलं मी. मग थंडीत प्लेटांना ऊन पुरेना तेव्हा हेच डोक्यात आलं. भोकांचं अंतर इथूनच घेतलं. कडा घासायला मात्र मला जमलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?" मिस्त्रीचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"सांगायला आलो होतो. तुम्ही टपरीवर उलट्या पान्याची गोष्ट सांगत होतात." ड्रायव्हर हसला, पण त्या हसण्यात जरा दुखलेलंही होतं. "मग म्हटलं, राहू दे."

मिस्त्रीने खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात सुतळी होती. काढायची नव्हती, पण आली. त्याने ती खाटेच्या दांड्याच्या बुडाशी धरली आणि ताणली. पहिली गाठ पहिल्या भोकावर आली. दुसरी दुसऱ्यावर. तिसरी त्या झिजलेल्या भोकावर. त्यापुढे सुतळी संपली आणि दांडा पुढे उरला, दुपटीहून जास्त, भोकांसकट.

धाकटीने सुतळी पाहिली. तिने बहिणीकडे पाहिलं. मांजराचं नाव तिने काढलं नाही, आणि ते न काढणं मिस्त्रीला छपरावरच्या चटक्यापेक्षा जास्त लागलं.

इतके दिवस पोटात ज्याची आग होती, ज्याच्यासाठी हाताची सालटं काढली, ते याच हातांनी केलं होतं. म्हाताऱ्यासाठी, न मागता, मनापासून केलं होतं. आणि इतकं जवळून बघूनही त्याने ते ओळखलं नाही, कारण ते ड्रायव्हरच्या छपरावर होतं.

खाट अंगणातच सुटी केली. बोल्ट गंजले होते, दोघांनी मिळून सोडवले. ड्रायव्हरने पाना बरोबर धरला. मिस्त्रीने ते पाहिलं आणि मान खाली घातली. लांब दांडे वर गेले. थोरली शिडीच्या पायाशी उभी राहिली, मळेवाला जाता जाता थांबला.

मिस्त्रीने प्लेटांची कड खांद्यावर घेतली. फडकं सुटलं होतं, फोडांतून पाणी येत होतं. ड्रायव्हर खिट्टी हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे तो सांगेल तिथे घालायला.

मिस्त्रीने सूर्याकडे पाहिलं, मग उतरत्या पत्र्याकडे, मग साडूकडे. आयुष्यात त्याने कुणाला असं विचारलं नव्हतं.

"ड्रायव्हर," तो म्हणाला, "कितव्या भोकात घालायची?"